‘निरंक’ आणि डांग्या खोकला

सरकारी मराठीने आपल्याला जे शब्द दिले, त्यांत ‘निरंक’ हा मला सर्वांत निरागस आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा शब्द वाटत आला आहे. तक्त्यातला रकाना रिकामा सोडायचा नसतो, म्हणून तिथे निरंक लिहायचे. महिनाभरात तक्रार नाही, अपघात नाही, रुग्ण नाही, निरंक. लिहिणाऱ्याने नीट पाहिले आणि काही आढळले नाही, की त्याने मुळात पाहिलेच नाही, याचा उलगडा त्या तीन अक्षरांवरून कधीच होत नाही. दोन्हींचा रंग एकच, सही एकच, शिक्का एकच.

बँकेच्या नोकरीत या शब्दाचा इंग्रजी भाऊ माझ्या चांगला परिचयाचा होता. तिमाही संपली की प्रधान कार्यालयाकडे विवरणपत्रांचा गठ्ठा जाई आणि त्यातल्या निम्म्यांवर ‘निल’ असे टपोऱ्या अक्षरांत लिहिलेले असे. एका शाखेत इन्स्पेक्शनला आलेले एक वयस्क अधिकारी मला आठवतात. शाखांतर्गत न जुळलेल्या जुन्या नोंदींचे विवरणपत्र त्या शाखेने दोन वर्षे ‘निल’ म्हणून पाठवले होते. त्यांनी शांतपणे मॅनेजरांना विचारले, ‘‘साहेब, निल म्हणजे तपासून निल, की न तपासता निल?’’ मग लेजर मागवले. संध्याकाळपर्यंत अकरा नोंदी निघाल्या. त्यांत लबाडी कुणाचीच नव्हती. कुणी पाहिले नव्हते, इतकेच.

हे सारे आठवण्याचे कारण डांग्या खोकला. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ही त्रयी आपण भिंतीवरच्या फलकांवर इतकी वर्षे वाचत आलो आहोत, की मधले नाव आता आजाराचे न वाटता लसीचेच वाटते. ‘‘डांग्या? तो आता कुठे राहिलाय?’’ असे आमच्या पुसदमध्ये चांगली शिकलेली माणसेही सहज म्हणतात. त्यावर माझे उत्तर त्या इन्स्पेक्शनच्या साहेबांचेच असते. तपासून नाही, की न तपासता नाही?

आजार काय आहे हे नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. पहिला आठवडा-दीड आठवडा तो साध्या पडशासारखा असतो. मग उबळ सुरू होते. एकामागून एक दहा-पंधरा ढास, मध्ये श्वासाला सवड नाही, चेहरा आधी लाल मग काळानिळा, आणि शेवटी हवा आत ओढताना कोंबडा आरवावा तसा लांब आवाज. पाठोपाठ बहुधा उलटी. हे आठवडेच्या आठवडे चालते. चिनी लोक याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात ते उगाच नाही. आमच्या लहानपणी गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका तीन घरांपलीकडून तो आवाज ओळखत. ‘‘बाई, पोराले डांग्या झाला,’’ असे निदान होई आणि गाढविणीचे दूध विकणाऱ्याचा शोध सुरू होई. उपचार निरुपयोगी होता. निदान मात्र बहुधा अचूक असे.

लसीने तो आवाज दुर्मीळ केला, ही तिची थोरवी. पण त्याबरोबर आपले कानही अडाणी झाले. आज चाळिशीत असलेल्या डॉक्टराने शिकताना हा आवाज एकदाही ऐकला नसण्याची शक्यता पुष्कळ आहे. शिवाय आजार आता पूर्वीच्याच वेषात येईल असेही नाही. लसीचे संरक्षण काही वर्षांनी उतरते. मग कॉलेजातला मुलगा किंवा घरातली आजी महिनाभर नुसती खोकत राहते, आरवण्याचा आवाज नाही, ताप नाही. त्याला ॲलर्जी म्हणतात, हवापालट म्हणतात, कापसाची धूळ म्हणतात. आणि त्याच घरात महिन्याभराचे बाळ असते. राष्ट्रीय लसीकरणात पहिला डोस सहाव्या आठवड्यात, पुढचे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. तोवर ते बाळ उघड्यावर असते. इतक्या लहान बाळाच्या अंगात तो आवाज काढण्याइतकी ताकदच नसते. कधी कधी ते फारसे खोकतही नाही. मध्येच श्वास घ्यायचे थांबते आणि निळे पडते. असे बाळ दगावले तर कागदावर ‘न्यूमोनिया’ लिहिले जाण्याचीच शक्यता दाट. डांग्या खोकल्याचा रकाना निरंकच राहतो.

आता प्रश्न असा, की ओळखायचे कसे? इथे प्रयोगशाळेचा विषय येतो. सर्वसामान्य वाचक इथे पान उलटतो, पण तसे करू नये; ही गोष्ट रंजक आहे.

१९०६ साली ब्रसेल्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह झांगू या दोघांनी हा जंतू पहिल्यांदा वेगळा वाढवून दाखवला. जंतू मोठा नखरेल. नेहमीच्या खाद्यावर तो वाढेना. तेव्हा त्यांनी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त यांचे मिश्रण त्याला दिले आणि त्यावर पाऱ्याच्या थेंबांसारखे चकाकणारे बारीक ठिपके उगवले. वाढायला तीन-चार दिवस ते दहा-बारा दिवस. आज बटाट्याऐवजी कोळशाची भुकटी घातलेले माध्यम बहुधा वापरतात, पण जंतूचा स्वभाव तसाच आहे. तो नाकाच्या पार मागे, जिथे नाक घशाला मिळते तिथल्या केसाळ पेशींना चिकटून बसतो. म्हणून नाकाच्या शेंड्यावरून किंवा घशातून बोळा फिरवून भागत नाही. बारीक, लवचिक काडी नाकपुडीतून थेट मागच्या भिंतीपर्यंत न्यावी लागते आणि काही सेकंद तिथे धरावी लागते. काडीच्या टोकाला साधा कापूस चालत नाही, कारण कापसातल्या काही द्रव्यांनी हा जंतू मरतो. आमच्या कापूसपट्ट्यात हे सांगताना मला थोडे चमत्कारिक वाटते, पण तिथे पॉलिएस्टरच लागते.

या तपासणीला घराघरांत नेण्याचे काम दोन बायकांनी केले, आणि त्यांची हकीकत मला कुठल्याही कादंबरीपेक्षा मोठी वाटते. पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग. दोघी आधी शाळामास्तरणी, नंतर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत, ग्रँड रॅपिड्स नावाच्या गावात नोकरीला. लहानपणी दोघींनाही डांग्या खोकला होऊन गेलेला. १९३२ साल, जागतिक मंदीचा कडेलोट. दिवसभर प्रयोगशाळेचे नेमून दिलेले काम करायचे आणि संध्याकाळी, पगाराबाहेरचे म्हणून, गरिबांच्या वस्तीत जायचे. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, उबळ आलेल्या पोराच्या तोंडासमोर माध्यमाची काचेची थाळी धरायची. पोर तिच्यावर खोकले की झाकण लावून परत. थाळीची ही युक्ती मूळ डॅनिश डॉक्टरांची, १९१६ ची. पण या दोघींनी तिचा व्यवहार बसवला. थाळीत जंतू उगवला तर मूल संसर्ग पसरवते आहे. उगवेनासा झाला म्हणजे त्याने शाळेत जायला हरकत नाही. म्हणजे विलगीकरण पंचांगावरून न ठरता पुराव्यावरून ठरू लागले. आणि याच थाळ्यांतून मिळालेल्या जंतूंवरून त्यांनी आपली लस बनवली, १९३४ पासून तिची शिस्तशीर चाचणी घेतली. पुढे घटसर्प आणि धनुर्वाताबरोबर ती एकाच सुईत बसवण्याच्या कामातही या दोघी होत्या. आपल्या पोरांना आरोग्य केंद्रात जे टोचले जाते त्याचा एक धागा असा कुणाच्या तरी ओसरीवर धरलेल्या थाळीपर्यंत जातो. आधी तपास, मग लस, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

जंतू वाढवून पाहण्याच्या या पद्धतीत एक वैताग आहे. जंतू सर्वांत जास्त सापडतो तो पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे आजार पडशासारखा दिसत असताना आणि कुणालाच संशय नसताना. आवाज येऊ लागला, आईला शंका आली, ती डॉक्टरांकडे पोचली, तोवर जंतू ओसरू लागलेला असतो. त्यात आपल्याकडची रीत अशी, की प्रयोगशाळेच्या आधी मेडिकलचे दुकान लागते. तिथून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या पोटात गेल्या की जंतू वाढण्याची आशा संपली. आणि बाटलीतल्या औषधांविषयी तर काय बोलावे! २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी कफ सिरपने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतली कित्येक शेवटच्या घटकेला नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली होती. खोकला कशाचा हे विचारण्याआधी बाटली उघडण्याची आपली घाई किती महाग पडते, हे त्या आईबापांनी पाहिले.

दुसरी पद्धत पीसीआरची. करोनाच्या काळाने हा शब्द तांड्या-वाडीपर्यंत पोचवला, त्यामुळे फार समजावून सांगायला नको. जंतूच्या अंगातला एक ठरावीक जनुकीय तुकडा शोधून त्याच्या लाखो प्रती काढायच्या. डांग्या खोकल्यासाठी बहुधा ‘आयएस ४८१’ नावाचा तुकडा पाहतात, कारण तो या जंतूत एकदोनदा नव्हे, शंभर-दोनशे वेळा असतो, सापडायला सोपा. उत्तर काही तासांत निघते. खोकला सुरू झाल्यापासून तीन-चार आठवड्यांपर्यंत त्याचा उपयोग होतो. आणि आमच्यासारख्या गावाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे, जंतू जिवंत असावा लागत नाही. पुसद ते यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर हा नखरेल जंतू जिवंत पोचवून मग वाढवायचा म्हणजे दैवावरच हवाला. पीसीआरला मेलेल्या जंतूची साक्षही चालते.

रक्तातली प्रतिपिंडे मोजण्याची तिसरी पद्धत आहे; तिसऱ्या आठवड्यानंतर, मोठ्या मुलांत आणि प्रौढांत ती कामाची. नुकतीच लस टोचलेल्या पोरात तिचा काही अर्थ नाही, कारण प्रतिपिंडे लसीची की आजाराची हे तिला सांगता येत नाही. चौथी गोष्ट तपासणी म्हणण्याइतकीही मोठी नाही, पण ती प्रत्येक गल्लीतल्या लॅबमध्ये होते: साधी रक्तपेशींची मोजणी. या जंतूचे विष लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडू देत नाही, म्हणून त्या रक्तात साचतात. खोकणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशी तीस-चाळीस हजार आणि त्यांत लिम्फोसाइट भरमसाट, असे दिसले तर डॉक्टरांनी खुर्चीत सरळ होऊन बसावे. आकडा लाखाकडे सरकला तर बाळाच्या जिवाला मोठा धोका असतो. या मोजणीने निदान पक्के होत नाही, पण संशय घ्यायला एवढे पुरे.

यंत्रावर भोळी श्रद्धा ठेवावी असे मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ-हिचकॉक नावाचे नामांकित रुग्णालय आहे. २००६ साली तिथे कर्मचाऱ्यांत खोकल्याची लाट आली. पीसीआर केली. हजाराच्या जवळपास कर्मचारी तपासले, निकाल येईपर्यंत घरी बसवले. १४२ जणांना डांग्या खोकला असल्याचे सांगितले. हजारोंना अँटिबायोटिक आणि लस दिली. नंतर पक्की तपासणी झाली तेव्हा जंतू एकाही नमुन्यात वाढला नाही. साथ नव्हतीच. एकट्या पीसीआरवर सारी इमारत उभी केली होती. तो ‘आयएस ४८१’ तुकडाही पूर्णपणे एकनिष्ठ नाही, एका चुलत जंतूत तो सापडतो. नमुने घेण्याच्या खोलीतच लस टोचली जात असेल, तर काही लसींमधला जंतूचा अंशसुद्धा काडीला लागून खोटा होकार देऊ शकतो. बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन सह्या लागत. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासून पास करायचे. दुसरा पहिल्यापेक्षा शहाणा असतो असे नाही, पण तो दुसरा असतो. साथ जाहीर करण्याआधी काही नमुन्यांवर अशी दुसरी सही घ्यावी.

आता एक आक्षेप, जो मला एका डॉक्टर स्नेह्यांनी घातला आणि जो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणाले, ‘‘साहेब, तपासणीने माझ्या पेशंटचे काय भले होणार? संशय आला तर मी ॲझिथ्रोमायसिन देणारच. रिपोर्ट येईपर्यंत थांबलो तर मूर्ख ठरेन. आणि उबळ सुरू झाल्यावर औषधाने खोकला फारसा कमी होतही नाही. मग दोन दिवसांची मजुरी बुडालेल्या बापाला आणखी खर्चात का घालू?’’ बिनतोड आहे. नमुना घेऊन लगेच उपचार सुरू करावा, रिपोर्टसाठी थांबू नये, हे खरेच. पण त्यांच्या प्रश्नातच उत्तर आहे. ही तपासणी मुख्यत्वे त्या पेशंटसाठी नाहीच. ती शेजारच्या घरातल्या, अजून न खोकणाऱ्या बाळासाठी आहे. एकाच घरात राहणाऱ्या, संरक्षण नसलेल्या दहा जणांत आठ-नऊ जणांना हा आजार गाठू शकतो. खात्री पटली तर घरातल्या सर्वांना औषध देता येते. वस्तीतल्या कुणाचे डोस राहिलेत ते शोधता येते. तांड्यातली जी कुटुंबे दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात आणि ज्यांच्या पोरांचा दहाव्या आठवड्याचा डोस एका जिल्ह्यात आणि चौदाव्याचा कुठेच नाही, अशांकडे सिस्टरला नेमके पाठवता येते. आणि म्हणूनच तिचा खर्च त्या बापाच्या खिशातून जाऊ नये. फायदा वस्तीचा, तर बिल सरकारचे.

धोरणाचे मोठे प्रश्नही याच पुराव्यावर अवलंबून आहेत. गरोदर बाईला आपल्याकडे सरकारी योजनेत धनुर्वात आणि घटसर्पाची लस मिळते, डांग्या खोकल्याची मिळत नाही. ब्रिटनने २०१२ साली तान्ही बाळे दगावू लागल्यावर गरोदर स्त्रियांना ती देणे सुरू केले, म्हणजे आईची प्रतिपिंडे बाळाला सहा आठवड्यांच्या त्या खिंडीतून पार नेतात. आपल्याकडे ती द्यावी की नाही? द्यावी, असे माझे मत. पण सरकारला मत पुरत नाही, आकडा लागतो. आणि आकडा निरंक असेल तर फाइल तिथेच थांबते.

योजना नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने या आजारांची प्रयोगशाळेच्या आधारे टेहळणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना देशात आहेत. दोन आठवडे खोकला, त्यासोबत उबळ, आरवणे किंवा उलटी, तान्ह्या बाळात श्वास थांबणे. असा रुग्ण दिसला की कळवावे, नमुना घ्यावा. पण या योजनेचे दार उघडते सरकारी दवाखान्यात, आणि खोकणारे पोर आधी जाते मेडिकलवर, मग बाजारातल्या खासगी डॉक्टरकडे. तिथे कुणाला संशयच आला नाही तर पुढची सारी यंत्रणा कुलूपबंद. दोन आठवडे खोकणाऱ्या मोठ्या माणसाचा थुंका क्षयरोगासाठी तपासला जातो, हे फार चांगले आहे. तो निर्दोष आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि माणूस खोकत घरी जातो. बँकेत अशा बेवारस रकमेसाठी सस्पेन्स खाते असे, आणि ते रिकामे करण्यासाठी कुणीतरी मागे लागलेले असे.

पोलिओच्या वेळी आपण हे करून दाखवले आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की, कारण कोणतेही वाटो, शौचाचे दोन नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत. त्या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की लुळेपणाचा एकही रुग्ण न कळवणाऱ्या जिल्ह्याची पाठ थोपटली जात नसे, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाई. कारण पोलिओ नसला तरी दुसऱ्या कारणांनी लाखात एखाददुसऱ्या मुलाला लुळेपणा येतोच. तोही सापडला नाही याचा अर्थ कुणी पाहत नाही. तिथे निरंक हा शब्दच खुलासा मागत असे. २०११ च्या जानेवारीनंतर देशात पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ ला आपल्या भागाला प्रमाणपत्र मिळाले, त्या शून्यावर म्हणूनच जगाने विश्वास ठेवला.

डांग्या खोकल्यासाठी एवढा मोठा डोलारा कुणी मागत नाही. आमच्या उपजिल्हा रुग्णालयात पॉलिएस्टरच्या टोकाच्या काड्यांचा डबा नेहमी भरलेला असावा, आणि ती काडी नाकातून किती आत न्यायची हे दोन सिस्टरांना पक्के ठाऊक असावे. करोनात नाकात काडी घालायला तालुक्यातले किती तरी हात शिकले आहेत. गावातल्या खासगी डॉक्टरांना वर्षातून एकदा बोलावून त्या खोकल्याचे ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि संशयित पोर कुणाकडे पाठवायचे तो फोन नंबर द्यावा. नमुना त्याच दिवशी थंड डब्यातून यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाकडे जावा. तिथे पीसीआरची सोय करोनाने केलीच आहे, या जंतूसाठीची रसायने पुरवली जातात की नाही एवढे पाहायचे. उत्तर हो असो की नाही, ते पाठवणाऱ्या डॉक्टरपर्यंत परत यावे, नाहीतर तो दुसरा नमुना पाठवणार नाही. आणि मासिक अहवालाच्या तक्त्यात ‘आढळलेले रुग्ण’ या रकान्याच्या डावीकडे आणखी एक रकाना आखावा: ‘तपासलेले नमुने’. त्याला नवे पद नको, निविदा नको. पट्टी आणि पेन्सिल पुरे. आता तर संगणकावर तेही लागत नाही.